कॅम बदलला, मग पिकअप गेला कुठे?

१४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकावर डोकं टेकवून आम्ही पानिपत शहराकडे परतत होतो. धुकं अजून पुरतं उतरलं नव्हतं. आमच्या गाडीपुढे एक बुलेट चालली होती. तिचा आवाज असा, की रस्त्याकडेला अंग चोरून झोपलेली कुत्री उठून उभी राहावीत. सिग्नल सुटला, पोराने मूठ पिळली आणि गाडी खोकली. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा सावरली. तोवर मागची ई-रिक्षा तिला वळसा घालून निघूनही गेली होती.

पुढे चहाच्या टपरीवर तोच मुलगा भेटला. आमच्या गाडीची एमएच १३ ची, म्हणजे सोलापूरची पाटी पाहून आपणहून बोलायला आला. तो रोड समाजाचा. ही मंडळी स्वतःला १७६१ च्या पानिपतच्या रणातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला चहाचे पैसे देऊ देत नाहीत. गप्पा त्या लढाईतले मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्यावरून बुलेटवर यायला फार वेळ लागला नाही. "अंकलजी, कॅम डलवाया है," तो म्हणाला. "हायवे पे मस्त भागती है, पर शहर में पिकअप मर गया." पैसे तर पिकअप वाढावा म्हणून घातले होते. मग तो गेला कुठे?

टपरीवर दहा मिनिटांत मला ते धड सांगता आलं नाही. इथे सावकाश सांगतो.

गोष्ट पानिपतातली आहे तर सुरुवात मागापासून करू. सोलापूरकरांचं पानिपतवर एक जुनं दुखणं आहे: इथली स्वस्त चादर आमच्या नावाने बाजारात खपते. ते भांडण बाजूला ठेवलं तर दोन्ही गावांचे कान एकाच खटखटीवर वाढलेले आहेत. माझे वडील गिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारे. टॅपेट हा शब्द मी मोटारसायकलच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकला.

साध्या विणीच्या यंत्रमागात ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात आणि मधल्या वाटेने धोटा आरपार जातो. पुढच्या खेपेला वरचे खाली, खालचे वर. दोन खेपा झाल्या की चक्र पुन्हा पहिल्यावर. मागाचा क्रँक दर खेपेला एक फेरा घेतो. म्हणून धागे उचलणारे टॅपेट ज्या खालच्या शाफ्टवर बसवतात, तो क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. टॅपेट म्हणजे एका अंगाला फुगीर असलेली लोखंडी चकती. फुगवटा आला की चौकट हलते, सरला की मागे येते. त्यात वडील एका गोष्टीवर फार जोर द्यायचे. वाट उघडणं सोपं आहे, म्हणायचे. धोटा पार होईपर्यंत ती उघडी धरणं हे खरं काम. वाट लवकर मिटली तर धोटा अडकतो आणि ताण्याचे धागे पटापट तुटतात.

बुलेटच्या कॅमचं काम हेच आहे, फक्त धोट्याच्या जागी हवा.

चार स्ट्रोकचं इंजिन एक चक्र पुरं करायला क्रँकचे दोन फेरे घेतं. पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत ओढतो, वर येताना दाबतो, स्फोटाने खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर लोटतो. या दोन फेऱ्यांत आतला व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा, बाहेरचाही एकदाच. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, मागाच्या खालच्या शाफ्टसारखाच. जुन्या बुलेटमध्ये हे कॅम खाली क्रँककेसमध्ये, गिअरवर फिरणारे. तिथून लांब पुशरॉड वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत जायचे. आताच्या ३४९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्येच असतो आणि चेनवर फिरतो. (आरएक्स १०० मध्ये कॅम टाकून मिळेल का, असं विचारणारेही भेटतात. ती टू-स्ट्रोक. तिला कॅमच नाही, सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो आणि झाकतो.)

कॅमचा लोब बाजूने पाहिला तर अंड्यासारखा दिसतो. गोल अंग व्हॉल्व्हकडे असेपर्यंत व्हॉल्व्ह बंद. निमुळतं टोक आलं की उघडा. टोकापासून मागच्या गोलाईपर्यंतची पूर्ण उंची मोजायची, त्यातून गोलाईचा व्यास वजा करायचा. उरेल ती लोबची लिफ्ट. रॉकर तिला थोडं वाढवून व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो. ही वजाबाकी लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

लिफ्टबद्दल सगळेच बोलतात, कारण ती डोळ्यांपुढे आणता येते: दार जास्त उघडलं, हवा जास्त आली. खरी गंमत मात्र दार किती वेळ उघडं राहतं यात आहे. याला ड्युरेशन म्हणतात आणि ती क्रँकच्या अंशांत मोजतात. पिस्टनचा वरून खालचा प्रवास १८० अंशांचा. मग आतला व्हॉल्व्ह १८० अंश उघडा राहिला की पुरे, असं वाटेल. रस्त्यावरच्या गाडीचा व्हॉल्व्हसुद्धा त्याहून बराच जास्त वेळ उघडा असतो, धरून चालू २४० अंश. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच तो उघडायला लागतो आणि पिस्टन तळाला जाऊन पुन्हा वर निघाला तरी पुरता मिटलेला नसतो.

कारण हवेला वजन आहे. एका लिटरला जेमतेम १.२ ग्रॅम, पण वेगात आली की तेवढं वजनही लगेच थांबत नाही. दादरला लोकल हलली तरी दारातून माणसं आत घुसतच असतात, मागच्यांचा रेटा असतो म्हणून. तसंच इथे. पिस्टन वर वळला तरी इनटेकच्या नळीतून धावत आलेली हवा आणखी थोडी आत शिरते. दार थोडं उशिरा लावलं तर तेवढा घास जास्त मिळतो.

आता आकडे पाहा. ५,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १२ मिलिसेकंदांत होतो, तेव्हा २४० अंश म्हणजे अवघे ८ मिलिसेकंद. तेवढ्यात सिलिंडर भरायचा. हाच कॅम १,००० आरपीएमला व्हॉल्व्ह ४० मिलिसेकंद उघडा धरतो. कॅमला घड्याळ कळत नाही, त्याला फक्त अंश कळतात. वेगात हवेला रेटा भरपूर आणि वेळ कमी, म्हणून उशिरा मिटणारं दार फायद्याचं. सावकाश चालताना रेटा नाही आणि वेळच वेळ. मग पिस्टन वर येताना आत घेतलेलाच माल उघड्या दारातून परत नळीत ढकलतो. जेवढा कोंडला जातो तेवढ्यावरच दाब तयार होतो. त्या पोराच्या बुलेटचा पिकअप सिग्नलवर असा इनटेकच्या वाटेने मागे जात होता. कॅमच्या चार वेळांपैकी, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या दोन उघडण्या आणि दोन मिटण्यांपैकी, आतल्या व्हॉल्व्हची मिटायची वेळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दुकानदार मात्र लिफ्ट सांगतो.

बाहेरच्या व्हॉल्व्हचंही असंच. स्फोटाचा जोर पुरता संपायच्या आत तो उघडतो, म्हणजे धूर आपल्याच दाबाने निघायला लागतो आणि पिस्टनला तो लोटण्यात ताकद घालवावी लागत नाही. तो जास्त लवकर उघडला तर सावकाश चालताना कामाचा जोर सायलेन्सरमधून वाया जातो.

मग येतो ओव्हरलॅप. पिस्टन माथ्यावर असताना बाहेरचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि आतला उघडत असतो. थोडे अंश दोन्ही एकदम उघडे. वेगात याचा उपयोग होतो, कारण निघून चाललेल्या धुराच्या ओढीने नवी हवा आत खेचली जाते. आयडलिंगला उलटं होतं: एक्झॉस्टमधला धूर मागे वळून ताज्या मालात मिसळतो. एक ठिणगी नीट पेटते, दुसरी अर्धवट, तिसरी नीट. दचकत, लंगडत, धडधडत चालणारा तो 'रेसिंग' आवाज म्हणजे हीच अर्धवट पेट. लोक पैसे देऊन तो आवाज घेतात. माझी हरकत नाही, पण आपण काय विकत घेतलं ते ठाऊक असावं.

ओव्हरलॅप किती, ते ड्युरेशनवर आणि दोन्ही लोबांच्या टोकांमधल्या कोनावर ठरतं. दोन्ही व्हॉल्व्ह २७० अंश उघडे आणि कोन ११० असेल तर ओव्हरलॅप ५० अंश. कोन १०६ केला तर तो ५८ होतो: मधल्या वेगात जोर एकवटतो आणि आयडलिंग बिघडते. कोन ११४ ला नेला तर ४२, इंजिन शहाण्यासारखं चालतं. जी.टी. रोडवर धावणाऱ्या टर्बो डिझेल ट्रकचा हिशेब निराळा. तिथे हवा दाबून भरलेली असते, फार ओव्हरलॅप ठेवला तर ती सरळ सायलेन्सरकडे निघून जाते.

एवढं कळलं की चांगला कॅम कुठला हा प्रश्नच विचित्र वाटू लागतो. या भागात पंपाचं डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवून केलेली जुगाड गाडी पूर्वी सर्रास दिसायची. आपल्याकडच्या शेतकऱ्याला किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आठवेल. ते पाणी उपसताना कायम १,५०० आरपीएमच्या आसपास फिरतं. त्याचा कॅम घडवणाऱ्याला एकाच वेगाची चिंता. मोटारसायकलचा कॅम मात्र चौकात १,०००, गल्लीत २,५०० आणि हायवेवर ५,००० अशा तिन्ही ठिकाणी चालवून घ्यायचा असतो. कारखान्यातून येणारा कॅम ही तडजोड असते, आणि ती मूर्खांनी केलेली नसते.

तडजोड मोडली की काय होतं ते साध्या गुणाकाराने दिसतं. टॉर्क म्हणजे एका धक्क्याचा जोर, हॉर्सपॉवर म्हणजे जोर गुणिले धक्क्यांचा वेग. न्यूटन मीटरमधला टॉर्क आरपीएमने गुणून ७,१२१ ने भागला की बीएचपी मिळते. रॉयल एनफिल्डचं ३४९ सीसीचं इंजिन ४,००० आरपीएमला २७ न्यूटन मीटर देतं. भागाकार करा, १५.२ बीएचपी. कंपनी सांगते ती कमाल ताकद २०.२ बीएचपी, ६,१०० आरपीएमला. उलटा हिशेब केला तर तिथे टॉर्क उरतो साडेतेवीसच्या आसपास. म्हणजे धक्का कमजोर झाला, पण मिनिटाला जास्त बसले म्हणून ताकद वाढली.

समजा आपण लांब ड्युरेशनचा कॅम घातला आणि ६,५०० आरपीएमला २५ न्यूटन मीटर मिळाले. ताकद झाली २२.८ बीएचपी. डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर अडीच घोडे वाढले, कागद फ्रेम करून लावावा. पण त्याच कॅमने २,५०० आरपीएमचा टॉर्क समजा २५ वरून २२ वर आणला असेल, तर तिथे साधारण एक घोडा गेला. शहरात माणूस ६,५०० ला किती वेळ असतो? पानिपत शहरावरून उंच पूल जातो, त्यावरून थेट अंबाल्याकडे सुटलात तर नवा कॅम तुमचा. पुलाखालच्या गर्दीतून बाजारात जायचं असेल तर जुना. कॅम ताकद घडवत नाही, ती एका वेगावरून उचलून दुसऱ्या वेगावर ठेवतो.

कंपन्यांनी यातून वाट काढली ती एका शाफ्टवर दोन तऱ्हेचे लोब घालून. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं. आपल्याकडच्या पोरांना यामाहा आर१५ ठाऊक असते. २०१८ च्या आर१५ मध्ये आतल्या व्हॉल्व्हसाठी सौम्य लोब वेगळा आणि तिखट वेगळा, आणि ७,४०० आरपीएमला गाडी आपणहून पहिल्यावरून दुसऱ्यावर जाते. बाजारातला एक सुटा कॅम हे करू शकत नाही.

आता बदलायचाच असेल तर. चांगल्या कॅमबरोबर एक कार्ड येतं; इंग्लंडच्या हिचकॉक्ससारखे जुने विक्रेते बुलेटसाठी वेगळे कॅम विकत आले आहेत. कार्डावर लिफ्ट, ड्युरेशन, टोकांमधला कोन आणि चारही वेळा छापलेल्या असतात. ड्युरेशन कुठून मोजली ते आधी पाहा. व्हॉल्व्ह जागचा हलल्यापासून मोजली तर आकडा मोठा दिसतो. अमेरिकी कारखाने बहुधा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यावर मोजलेला आकडाही देतात, कुणी एक मिलिमीटरवर मोजतो. एकाचा २८० आणि दुसऱ्याचा २४० हा कदाचित एकच कॅम असेल.

कॅम एकटा येत नाही, पाहुण्यासारखा लवाजमा घेऊन येतो. वेग वाढला की व्हॉल्व्हला वेळेत परत बसवायला कडक स्प्रिंग लागते. नरम पडली तर व्हॉल्व्ह लोबला सोडून तरंगतो. लिफ्ट वाढली की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे पाहावं लागतं. आणि सगळ्यांत जपायचं ते व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर. पिस्टन माथ्यावर असतानाच दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, त्यामुळे गाठ पडायची शक्यता तिथेच. जाणता मेकॅनिक मुलांची खेळायची चिकणमाती पिस्टनवर थापतो, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवतो, हेड काढून माती कापतो आणि जिथे ती सर्वांत पातळ दबली तिथली जाडी मोजतो. आतल्या व्हॉल्व्हला निदान दोन मिलिमीटर आणि बाहेरच्याला अडीच, हा रूढ अंदाज. स्टार्टर मारून तपासू म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकला की इंजिनाचं जे होतं त्याला मराठीत एकच शब्द आहे, आणि तो उच्चारायची मला त्या गावात लाज वाटली.

कॅम बसवतानाही चेनचा एक दात इकडे-तिकडे झाला तर सगळे अंश चुकतात. डिग्री व्हील आणि डायल गेज लावून वेळा कार्डाशी जुळवतात. तोच कॅम तीन-चार अंश आधी बसवला तर खालचा जोर वाढतो, नंतर बसवला तर वरचा. मग इंधन. इंजेक्शनच्या गाडीचा संगणक जुन्या कॅमच्या हवेवर पेट्रोल मोजत असतो. कॅम बदलून मॅप, म्हणजे त्या मोजमापाचा तक्ता, तसाच ठेवला तर त्याचा हिशेब रोज चुकतो. त्या पोराने हे केलंच नव्हतं.

आणि लोखंड. याबद्दल सोलापूरकराने बोलावं असा थोडा हक्क आहे. यतीन शहांनी १९९२ मध्ये आमच्या गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी काढली. गिरण्यांच्या गावातून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट जायला लागले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. बिडाच्या कॅमची एक जुनी युक्ती आहे: साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे थंड तुकडे बसवून ठेवतात. ओतलेला रस त्यांना भिडला की तिथला थर झटक्यात थिजतो आणि काचेसारखा कडक होतो, आतलं अंग मात्र सावकाश निवून चिवट राहतं. लोब झिजत नाही तो या कडक कातडीमुळे. तिला खोली असते, आणि ती बेताचीच.

बाजारातले पुष्कळ स्वस्त 'परफॉर्मन्स' कॅम नवे ओतलेले नसतात. जुनाच कॅम घेऊन मागची गोलाई आणि कडा घासतात. टोक तसंच ठेवून गोलाई बारीक केली की लिफ्ट आपोआप वाढते. नीट केलं, कातडीची खोली पाहून केलं, तर ही पद्धत वाईट नाही; जगभर चालते. बेताल घासलं तर कडक थर संपतो आणि काही हजार किलोमीटरांत लोब चेपटा होतो.

कायद्याचं एका दमात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी विसंगत बदल मालकाला करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-६ च्या गाडीत ओव्हरलॅप वाढवला की न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं, ते धूर तपासणीत दिसतं. शिवाय पानिपत दिल्लीच्या एनसीआरमध्ये येतं, धुराबाबत देशात सर्वांत कडक नजर इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी तो मुलगा गाडी नेतो त्या गॅरेजवर डोकावलो. गॅरेजवाल्याने टॅपेटचं झाकण उघडून ठेवलं होतं. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणारे टॅपेटचे स्क्रू नेहमीपेक्षा बरेच खाली फिरवलेले दिसले, तेव्हाच शंका आली. कार्ड कुठाय, विचारलं. कार्ड नव्हतं; खोक्यावर फक्त 'हाय लिफ्ट' लिहिलेलं. गॅरेजवाल्याने कॅम काढला. जुना कॅम मुलाने ब्लँकेटच्या चिंधीत तेल लावून जपून ठेवला होता, तो घरून आणला. दोन्ही बाकावर शेजारी ठेवले. नुसत्या डोळ्यांना फरक दिसेना. मी कॅलिपर मागितला.

नव्या लोबची पूर्ण उंची जुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी भरली. मागच्या गोलाईचा व्यास एक मिलिमीटर कमी.

"ये तो छोटा है," मुलगा म्हणाला.

मी त्याच्याकडून एक कागद मागून घेतला आणि वजाबाकी मांडली. लिफ्ट खरंच अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. खोक्यावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं. गॅरेजवाल्याने नव्या कॅमच्या घासलेल्या पाठीवर कानशीचा कोपरा हलकेच ओढला. कडक बिडावरून कानस घसरते. इथे ती रुतली आणि मागे चकाकता ओरखडा उमटला. त्याने काही न बोलता जुन्या कॅमवरचं तेल पुसायला घेतलं.